उलटा कोपरा

१ जून

भिंगरे,

आशीर्वाद दारात दिलेच आहेत, ते परत कागदावर काढत बसत नाही. हे पत्र तुझ्या पिशवीत, लोकरीच्या मोज्यात सरकवून ठेवतेय. गाडीत सापडलं तर गाडीत वाच, तिथे गेल्यावर सापडलं तर तिथे. तुझ्याबरोबरच पोचणारं पत्र, बिनतिकिटाचं. बघ तुझी आजी किती पुढची आहे.

पुढचं टपालाने लिहीन, कारण फोनवर मला नुसतं घूं घूं ऐकू येतं आणि मी सगळ्याला हो म्हणते. मागे त्या नादात नळ दुरुस्त करणाऱ्याला दोनदा बोलावून बसले.

खालची शिंपीण विचारत होती, "एवढी शिकवलीत नातीला आणि शेवटी कागद कापायलाच पाठवताय?" मी म्हटलं, "तू जन्मभर कापड कापलंस, तुला कागदातलं काय कळणार?" गप्प बसली. म्हणजे चहा संपेपर्यंत. मग म्हणते, "पांढऱ्या कागदावर पांढरंच चित्र, मग दिसणार काय?" तेव्हा मात्र मीही जरा गडबडले. पण सांगितलं की दिसणाऱ्याला दिसतं.

मला किती आनंद झालाय ते तुला कळायचं नाही. शेकडो पोरींमधून त्या बाईंनी तुलाच निवडलं. एवढी मोठी कलावंत, मासिकात पानभर फोटो, आणि तिच्या घरी राहून शिकायचं. मी एकतीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात घड्या घातल्या, औषधांची खोकी, बुटांची खोकी. माझा फोटो कुणी काढला नाही. तू त्या टेबलाखाली बसून कात्रणांची घरं करायचीस. तीच बोटं आज कुठे पोचली.

तर काय सांगत होते. यंत्रांच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, म्हणून आम्ही बायका खराब ताव निघाला की त्याचा खालचा उजवा कोपरा मागे दुमडायचो आणि नखाने दाबायचो. उलटा कोपरा दिसला की पुढचीला कळायचं, हे खोटं आहे, पुढे जाऊ द्यायचं नाही. तू ते उचललंस. शाळेतली काच फुटली तेव्हा मास्तरांनी तुझ्याकडून लिहून घेतलं होतं, काच मी फोडली, पुन्हा असे करणार नाही. वळणदार अक्षरात लिहिलंस, आणि कोपरा उलटा. मास्तरांना वाटलं गबाळी पोर आहे. मी कागद बघितला आणि तशीच चप्पल घालून शाळेत गेले. दुसऱ्याच मुलीने फोडली होती. आठवतं ना? मी अजून एकटीच हसते कधी कधी.

सहा महिने म्हणजे तीस नोव्हेंबर. तोवर मागच्या खोलीतला पसारा काढून खिडकीशी टेबल टाकते. आलीस की तिथे बसून तुझं स्वतःचं काम कर. तीस तारखेला मी दारात उभी असेन.

आजी


२० जून

आजी,

पत्र डाव्या मोज्यात सापडलं. अंगठा घातला आणि कागद लागला. दोनदा वाचलं, आता गादीखाली आहे.

घर टेकडीवर आहे, बस जिथे वळते तिथून वर चढून जायचं. समोर एक बाक आणि एक दुकान, बाकी काही नाही. आत सगळं पांढरं, भिंती, जमीन, कपबश्यासुद्धा. वरच्या कामाच्या खोलीत खिडक्यांनाही पांढरे कागद लावलेत, उजेड सगळीकडून सारखा यावा म्हणून. बाहेरचं काही दिसत नाही. या घरात आम्ही दोघीच, बाई आणि मी.

काम असं असतं. एकच ताव. त्यावर काही चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, त्यातून काही काढून टाकायचंही नाही. ब्लेडने काप द्यायचा, हाडाच्या पट्टीने घडी बसवायची, बस. दिसते ती फक्त सावली. चूक झाली की ताव वाया, कारण घडी पडली की पडली. हे मला तूच शिकवलं होतंस, बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खोकी करणारीला हे कळतं?"

आता भिंतीएवढ्या तावाचं काम सुरू आहे. नोव्हेंबरमधल्या प्रदर्शनासाठी.

आजी, एक सांगते, कुणाला सांगू नकोस. बाई ब्लेड धरत नाहीत. त्यांचे हात थरथरतात, कप बशीवर वाजतो इतके. सगळे काप माझे आहेत. खाली नाव त्यांचं पडेल. त्या माझ्यामागे खुर्चीत बसून बघत असतात, तासन् तास.

आणखी एक. धूळ नको म्हणून चपला खालच्या कपाटात ठेवायच्या, किल्ली बाईंकडे. माझ्या चपला ठेवताना आत आधीच एक जोड होता, माझ्याच मापाचा. माझ्या आधीची मुलगी एक दिवस न सांगता निघून गेली, असं बाई म्हणतात. अनवाणी गेली का ती?

येणारं टपाल आधी बाईंच्या टेबलावर जातं, मग मला मिळतं. हे पत्र मात्र मी स्वतः पेटीत टाकतेय. सोबत एक छोटा ताव पाठवतेय, उरलेल्या तुकड्याचा. खिडकीपाशी उभा करून ठेव.

भिंगरी


२ जुलै

भिंगरे,

किती गं सुंदर. आधी मला वाटलं तू कोरा कागदच पाठवलास आणि आत काही घालायला विसरलीस. शिंपीण म्हणाली, "अंडी ठेवायचा ट्रे आहे." तिला घालवून दिलं आणि तू सांगितलंस तसा खिडकीत उभा केला. सकाळी काही नाही. मग ऊन सरकलं तशी एक पायरी दिसली, मग दुसरी. दुपारी आख्खा जिना. संध्याकाळी तोच जिना खाली उतरत होता. मी भाजी चिरायची सोडून बघत बसले. शिंपीण परत आली, उभी राहिली, आणि म्हणाली, "याच्यावरून कोण चढतंय?" बघ, तिलासुद्धा दिसलं.

कुणाला सांगू नको म्हणालीस, तर मी शिंपिणीला एक अक्षर सांगितलं नाही. पोटात ठेवलं. पण बाईंपासून काय लपवायचं, हात तर त्यांचेच आहेत. आणि टपाल त्यांच्याच टेबलावर जातं म्हणतेस, तर एका तिकिटात दोघींशी बोलून घेते.

बाई, नमस्कार. मी भिंगरीची आजी. हातांचं मनाला लावून घेऊ नका. आमच्या कारखान्यात मुकादमीण होती, तिचे हात असेच थरथरायचे, तर तिच्या वाटणीची खोकी मी माझ्या खोक्यांत मिसळून द्यायचे. चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसा, बरं वाटतं. आणि माझी भिंगरी आहे ना, तिच्याकडून खुशाल सगळं करून घ्या. पोटातलं ओठावर येऊ देणारी पोर नाही ती, फक्त मला सांगते.

आणि बाई, त्या आधीच्या मुलीचा पत्ता भिंगरीला द्या, म्हणजे ती चपला पाठवून देईल. विसरभोळ्या असतात पोरी. हिची आई, देव तिला सुखात ठेवो, एकदा इस्पितळातून दुसऱ्याच बाईच्या चपला घालून आली होती. पण काहीतरी घालून आली होती.

भिंगरे, मागची खोली रिकामी होतेय. जुन्या खोक्यांत तुझी कात्रणाची घरं सापडली, अकरा आहेत. टाकली नाहीत.

आजी


१६ जुलै

प्रिय आजी,

मी येथे अत्यंत समाधानी आहे. मागील पत्रात मी काही मजकूर चुकीचा लिहिला, त्याबद्दल मला खेद वाटतो. बाईंचे हात पूर्णपणे स्थिर आहेत. सर्व कलाकृती त्या स्वतःच्या हातांनी घडवतात. मी केवळ साफसफाई करते व पाहून शिकते.

टपालपेटी लांब असल्यामुळे यापुढे माझी पत्रे बाईच टाकतील. त्यामुळे मला बाहेर जाण्याची आवश्यकता राहिलेली नाही.

चपलांविषयी पुन्हा विचारू नये.

तुझी नात


२० ऑगस्ट

प्रिय आजी,

तुझे पत्र आले नाही. प्रकृती बरी असावी.

बाईंची इच्छा आहे की मी तीस नोव्हेंबरनंतरही येथेच राहावे. मीही तसेच ठरवले आहे. अशी संधी पुन्हा मिळत नाही. तुला आनंद होईल, अशी खात्री आहे.

तुझी नात


१ सप्टेंबर

भिंगरे,

रागावू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, म्हणजे जगायचं नाही असंच सांगितलं होतं डॉक्टरांनी. शिंपीण म्हणाली, "मी वाचून दाखवते." मी म्हटलं, नको, तू मध्ये मध्ये तुझं घालशील. दोन्ही पत्रं उशीखाली ठेवली आणि परवा पट्टी निघाल्यावर एकदम वाचली.

काय भाषा झालीय तुझी. अत्यंत समाधानी, आवश्यकता, कलाकृती. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे बोलायचे तसं. मी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली आणि शिंपीण म्हणाली, "पोरगी साहेबीण झाली." नुसती फुगले मी. फक्त खाली भिंगरी लिहायला विसरलीस. आणि बाईंचे हात बरे झाले हे फार छान झालं. कोमट पाण्याचाच गुण.

पण एक तक्रार आहे. दोन्ही पत्रांचा खालचा कोपरा मागे दुमडून आला. एवढा छान कागद, जाड, मऊ, आणि टपालवाल्याने वाट लावली. मी इस्त्री गरम केली, वर रुमाल टाकला आणि दोन्ही सपाट करून टाकले. टपालवाल्याला जिन्यातच धरलं. तो म्हणतो, "आजी, पाकीट तर नवंकोरं होतं, आतला कागद मी कसा दुमडणार?" मी म्हटलं, तोंड वर करून बोलू नकोस. शिंपिणीने त्याला पाणी दिलं, म्हणून जास्त बोलता आलं नाही.

बाई, तुम्हीच पत्रं टाकता म्हणून तुम्हाला सांगते, जरा मोठं पाकीट घ्या, नाही तर आत पुठ्ठा घाला. कोपरा सरळ राहील.

तीस तारखेचं वाचलं. खरं सांगू का, थोडं गलबललं. टेबल आलंय. पायाखाली फळी असलेलं, तुला लागतं तसं. पण मोठ्या माणसाने ठेवून घ्यावं म्हणजे केवढा मान. राहायचं तर राहा. फक्त तीस तारखेला एकदा येऊन तोंड दाखवून जा. एक दिवस. मी दारात असेन, ते काही मी बदलत नाही.

आजी


२५ सप्टेंबर

प्रिय आजी,

कोपऱ्याविषयीची तुझी तक्रार बाईंनी लक्षपूर्वक वाचली. त्यांनी मला त्याबद्दल विचारले. यापुढे प्रत्येक पत्र त्या स्वतः तपासून, सपाट करून पाकिटात घालतील. आता कोपरा दुमडणार नाही.

माझ्या उजव्या हाताला किरकोळ काप गेला आहे. बाईंनी बांधून दिला. काळजी नसावी. साफसफाई डाव्या हातानेही होते. अक्षर वाकडे आले असल्यास त्याचे कारण हेच.

तीस तारखेस येणे शक्य नाही.

तुझी नात


१२ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर द्यायचं राहून गेलं.

मी मजेत आहे. विचार केला आणि मला पटलं की तू तिथेच राहावंस. बाई म्हणतील तोवर राहा. इथे येऊन काय करणार? मागची खोली मी शिंपिणीला दिली, तिची शिलाई यंत्रं ठेवायला. टेबलही तिलाच दिलं. मला आता एकटीची सवय झालीय आणि खरं म्हणजे तेच बरं वाटतं.

तीस तारखेला येऊ नकोस. मीही तुझ्याकडे येणार नाही, माझे पाय आता जिनाही उतरत नाहीत. वाट बघू नकोस.

बाईंना सांग, माझं काही म्हणणं नाही.

आजी


२० नोव्हेंबर

आदरणीय आजीबाईंस,

आपल्या नातीऐवजी मीच लिहिते आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.

आपले पत्र वाचून समाधान वाटले. एवढा समंजसपणा मला अपेक्षित नव्हता. आपण आम्हाला आधीपासूनच फार मदत केली आहे. आपली पत्रे मी नेहमीच काळजीपूर्वक वाचली आणि त्यांतून मला पुष्कळ समजले. एरवी समजले नसते.

प्रदर्शन गाजले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रातही छायाचित्र आले असेल. मोठ्या तावाचा कोपरा उद्घाटनाच्या सकाळी मागे वळलेला आढळला. घडी पडली की पडली, हे आपण जाणताच. ताव बदलायला वेळ नव्हता. लोकांनी नेमके त्याचेच कौतुक केले. तो मी मुद्दाम केला, असे सर्वांना वाटते. मीही तसेच सांगते.

आपल्या पत्राचाही खालचा उजवा कोपरा मागे दुमडलेला होता. ही सवय घराण्यातच असावी. मी तो सरळ केला आणि मगच पत्र मुलीला दिले. तिने ते बराच वेळ हातात धरले. रडली नाही.

तिने आणखी तीन वर्षांच्या करारावर डाव्या हाताने सही केली आहे. तिच्या चपला कपाटात सुरक्षित आहेत. त्या तिला आता लागत नाहीत.

आपली


३० नोव्हेंबर, दुपारी

भिंगरे,

हे पत्र टपालात टाकत नाही. पहिलं तुझ्या मोज्यात घातलं होतं, हे तुझ्या हातात देणार. तू लिहिलं होतंस तो बाक आहे ना, दुकानासमोरचा, त्याच्यावर बसलेय. शिंपीण दुकानातून पोलिसांना फोन करतेय. तिचा आवाज इथपर्यंत येतोय. "हो, मुलगी आत आहे. हो, वयाने मोठी आहे, म्हणून काय झालं?" जाताना मला दम देऊन गेली, "मी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही." रात्रभर गाडीत माझ्या खांद्यावर घोरत आली आणि आता मुकादमीण झालीय.

आधी माझं ऐक, मग तुला काय बोलायचं ते बोल.

नऊ तारखेला शिंपिणीने ब्लाउज वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. कागद उलगडला तर आत बाईंचा फोटो, मागे भिंतभर पांढरा ताव, हजारो काप, सगळीकडे सावल्याच सावल्या. मी म्हटलं, बघ, भिंगरीचं काम. लिहिलं होतं, सगळ्या कलाकृतीचा जीव त्या एका वळलेल्या कोपऱ्यात आहे. मी हसत हसत वाचत होते. मग फोटोत खाली उजवीकडे बघितलं आणि माझ्या हातातला कागद खाली पडला.

ती दोन पत्रं काढली. इस्त्री केलेली. डोळे मिटले आणि नख फिरवलं. दोन्हीवर रेघ होती, खालच्या उजव्या कोपऱ्यात, तिरकी, नखाने दाबलेली. टपालवाल्याला नख दाबायला कुठून वेळ मिळणार? जूनमधलं पत्र बघितलं, त्यावर नाही. सप्टेंबरमधलं बघितलं, त्यावरही नाही, पण त्यात तर ती बाई स्वतःच सांगत होती की आता कोपरा दुमडणार नाही. कशामुळे नाही दुमडणार? मी तक्रार केली म्हणून.

एकतीस वर्षं जो कोपरा दिसल्यावर माझा हात थांबायचा, तो मी इस्त्रीने सपाट केला गं. हातांचं बाईंना मीच सांगितलं. कोपऱ्याचंही मीच सांगितलं. तू मला दोनदा हाक मारलीस आणि दोन्ही वेळा मी जाऊन ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सांगून आले, वर नमस्कार घालून. तुझ्या हाताला काप गेला तोही माझ्या जिभेमुळेच गेला असेल. तू काही म्हणणार नाहीस, पण मला माहीत आहे.

बारा तारखेचं पत्र खोटं आहे. एकूण एक शब्द. टेबल खिडकीशी आहे. तुझी अकरा घरं त्याच्यावर मांडली आहेत. शिंपिणीला ते पत्र वाचून दाखवलं तर ती मला म्हणाली, "तुमच्या तोंडात हे शोभत नाही," आणि रडायला लागली. मी कोपरा उलटा दुमडला आणि हाडाची पट्टी नाही म्हणून चमच्याच्या पाठीने दाबला, तीनदा.

बाईंनी सरळ केला म्हणे. करू दे. त्या कागद वाचतात, आपण कागदावरून बोट फिरवतो. घडीची रेघ जात नाही. तू ते पत्र बराच वेळ हातात धरलंस आणि रडली नाहीस, हे त्यांनीच मला लिहिलं. तेव्हाच मला समजलं की तुझं बोट रेघेवर पोचलं. म्हणजे पत्र खोटं, म्हणजे आजी येणार, म्हणजे तीस तारीख.

आणि तसंच झालं. मघाशी आम्ही इथे आलो तेव्हा वरच्या खिडक्या बघितल्या. पाच खिडक्या, पाचही पांढऱ्या, कुठे फट नाही. शेवटच्या खिडकीच्या कागदाचा खालचा कोपरा मागे वळलेला. त्यातून एवढासा काळोख दिसत होता, आगपेटीएवढा. बाहेरून डावा कोपरा, म्हणजे आतून उजवा. मी शिंपिणीला म्हटलं, "ती वाट बघतेय." शिंपीण म्हणाली, "मग मी फोन करते."

तेव्हापासून मी त्याच कोपऱ्याकडे बघत लिहितेय, म्हणून ओळी वर-खाली झाल्यात.

पिशवीत तुझ्यासाठी चपलांचा नवा जोड आहे. तुझ्याच मापाचा दुसराही एक घेतला, त्या घरातून आणखी कुणी निघालंच तर.

शिंपिणीचा आवाज बंद झालाय. कदाचित फोन ठेवला असेल.

भिंगरे, आत्ता एक हात आला. आतून, त्या शेवटच्या खिडकीत. त्याने कोपरा धरला आणि काचेवर सरळ करून दाबला. पहिल्यांदा नीट बसला नाही, परत दाबला. आता पाचही खिडक्या सारख्या दिसतात.

हाताला पट्टी नव्हती. थरथरत होता.

मी शिंपिणीसाठी थांबत नाही. बेल वाजवायला उठतेय.